हेडलाइटमधले पाणी काढताना: माझा अनुभव

आषाढातल्या एका संध्याकाळी कोल्हापूरहून रत्नागिरीजवळच्या पावस गावी परतत असताना आंबा घाटात दाट धुके लागले, आणि उतरणीच्या पहिल्या काही वळणांतच माझ्या लक्षात आले की रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी रेघ मला जवळजवळ दिसतच नाही. घाट उतरून साखरप्याला चहासाठी थांबलो तेव्हा गाडीच्या पुढे जाऊन पाहिले. उजव्या हेडलाइटचा झोत स्वच्छ होता. डाव्या हेडलाइटच्या काचेवर मात्र आतल्या बाजूने टपोरे थेंब जमले होते आणि तळाशी बोटभर पाणी हलत होते. दिवा जळत होता, पण त्याचा प्रकाश त्या थेंबांत फुटून इकडेतिकडे पसरत होता आणि रस्त्यापर्यंत पोहोचतच नव्हता. घाटात समोरून येणाऱ्या एखाद्या पादचाऱ्याला मी पाहिले नसते, हा विचार त्या रात्री घरी पोहोचेपर्यंत मनातून गेला नाही.

कोकणात पावसाळ्यात हेडलाइटवर थोडे दव धरते, हे येथे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या दिवसांत डब्यातले मीठसुद्धा कोरडे राहत नाही. शिवाय हेडलाइट पूर्ण हवाबंद नसतोच. दिवा लागला की आतली हवा तापून फुगते, तिला बाहेर जायला वाट हवी, म्हणून मागच्या बाजूला श्वासनळ्या ठेवलेल्या असतात. दिवा विझला की त्याच वाटेने बाहेरची दमट हवा आत येते, आणि पावसाने गार पडलेल्या काचेला लागून तिच्यातली वाफ दवाच्या रूपाने चिकटते. असे पातळ दव दिवा लावून अर्धा तास गाडी चालवली की आपोआप निघून जात असेल, तर त्याला हात लावण्याचे कारण नाही. माझ्या उजव्या हेडलाइटचे तसेच होत असे. थेंब ओघळून तळाशी साचू लागले, की ते दव राहत नाही. पाणी कुठून तरी आत येत असते. हा फरक मला आधी नीट कळला असता, तर माझे पहिले दोन आठवडे वाया गेले नसते.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये विचारले, तेव्हा पूर्ण हेडलाइट बदलण्याचा सल्ला मिळाला आणि खर्च साडेचार हजार रुपये सांगण्यात आला. काच शाबूत, दिवा शाबूत, आणि केवळ पाण्यासाठी सगळा संच टाकून द्यायचा, हे मला पटले नाही. मी घरीच प्रयत्न करायचे ठरवले.

पहिला प्रयत्न सगळे करतात तोच होता. बॉनेट उघडून बल्बमागची रबरी टोपी काढली, बल्ब बाहेर घेतला आणि त्या भोकातून हेअर ड्रायरची गरम हवा आत सोडली. येथे एक सूचना आवर्जून करतो. हॅलोजन बल्बच्या काचेला उघडे बोट लावू नये. बोटाचे तेल काचेवर राहते, तेवढी जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. तो धातूच्या कड्याला धरून काढावा किंवा स्वच्छ फडक्याने धरावा. ड्रायरही काचेला टेकवू नये. ही ‘काच’ खरे तर पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक असते. ती बराच ताप सोसते, पण तिच्याभोवतीचा चिकट सांधा आणि मागची डबी तितकी सोसत नाहीत. आपल्या तळहाताला जेवढी ऊब सहन होते तेवढीच पुरते. पाऊण तासात थेंब नाहीसे झाले आणि मी समाधानाने टोपी बसवली. दोन दिवसांनी, एका जोरदार सरीनंतर, थेंब पुन्हा हजर होते.

त्याच वेळी माझ्याकडून एक चूक झाली. आतले उरलेले दव पुसावे म्हणून तारेला मऊ कापड गुंडाळून मी ते भोकातून आत घातले आणि ते मागच्या चकचकीत परावर्तकाला लागले. तो चकाकणारा थर म्हणजे निर्वात कक्षात चढवलेला ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा असतो, आणि ओल्या कापडाचा एक फटकारासुद्धा त्याला पुरतो. अंगठ्याएवढा निस्तेज डाग तेथे कायमचा राहिला आहे. आतून काहीही पुसू नये, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

दुसऱ्या प्रयत्नात सिलिका जेलच्या दोन पुड्या टोपीच्या आत ठेवल्या. पुड्या एका रात्रीत ओल शोषून थकल्या, आणि पेटलेल्या बल्बच्या इतक्या जवळ कागदी पुडी ठेवणे धोक्याचे आहे, हे लक्षात येताच मी त्या काढून टाकल्या.

आमच्या शेजारचे काका बंदरावर बोटींची इंजिने दुरुस्त करतात. माझी खटपट ते कुंपणापलीकडून पाहत होते. तिसऱ्या वेळी ड्रायर हातात घेतलेला पाहून ते अंगणात आले आणि म्हणाले, “अरे, पाणी काढतोस ते ठीक आहे, पण ते येतंय कुठनं ते आधी बघ. सायकलची ट्यूब पंक्चर झाली तर आपण काय करतो?” त्या एका प्रश्नाने कामाची दिशाच बदलली.

हेडलाइट काढण्यापूर्वी एक काम केले, ज्याचा पुढे फार उपयोग झाला. सपाट अंगणात गाडी भिंतीसमोर उभी करून दिवे लावले आणि डाव्या झोताची वरची कड भिंतीवर चिकटपट्टीने आखून घेतली. गाडी उभी केल्याची जागाही चाकांपाशी खडूने खुणावली. मग बॅटरीची ऋण तार सोडवली. माझ्या गाडीत दहा नंबरच्या पान्याने निघणारे दोन बोल्ट वर आणि एक बंपरच्या कडेखाली होता. काही गाड्यांत मात्र पूर्ण बंपर उतरवावा लागतो. जोडणीचा प्लग सोडवताना त्याच्या धातूच्या पट्ट्यांवर हिरवट गंज दिसला. खाऱ्या वाऱ्यात हे होणारच. तो साफ करून पुढे त्यावर डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहू देणाऱ्या, ग्रीसचा पातळ हात दिला.

काढलेल्या हेडलाइटमधले पाणी बल्बच्या भोकातून ओतून दिले. नंतर रबरी टोपीच्या जागी जाड प्लास्टिक घट्ट बांधून त्यातून एक नळी आत घातली, सगळ्या सांध्यांवर ब्रशने साबणाचा फेस लावला आणि तोंडाने हलकेच फुंकर घातली. पंप वापरू नये, सांधा उसवण्याची भीती असते. फुंकर घालताना श्वासनळ्या बोटाने बंद ठेवायच्या होत्या. पण वरच्या नळीवर बोट ठेवायला गेलो, तर तेथून हवा येतच नव्हती. खालचीही तशीच. फेसाचे बुडबुडे मात्र काचेच्या वरच्या कडेला, आतल्या कोपऱ्याजवळ, सुमारे चार सेंटिमीटर लांबीत एकामागून एक उठत होते.

वरची रबरी नळी उपसून पाहिली, तेव्हा तिच्यात कुंभारीण माशीने मातीचे घर बांधलेले निघाले. उन्हाळ्यात गाडी महिनाभर आंब्याखाली उभी होती, तेव्हाचा तो उद्योग असावा. खालच्या नळीत तांबड्या धुळीचे बूच बसले होते. आता सगळा उलगडा झाला. ५५ वॅटचा दिवा तासभर जळून विझला आणि त्याच वेळी वरून पावसाचा मारा असला, की आतली हवा झपाट्याने आक्रसते. नळ्या उघड्या असत्या, तर ती तूट त्यांच्यातून आलेल्या हवेने भरून निघाली असती. त्या बंद असल्यामुळे डबी जिथून मिळेल तिथून ओढू लागली. आणि वरच्या सांध्याच्या बारीक फटीवर तर पावसाचे पाणीच उभे होते. हवेऐवजी पाणी ओढले जात होते. केवळ फट बुजवली असती, तर त्या ओढीने सांधा दुसरीकडे उसवला असता, अशी माझी समजूत आहे. म्हणून दोन्ही दोष एकत्रच दूर करणे आवश्यक होते.

नळ्या कोमट पाण्यात भिजवून स्वच्छ केल्या. मग वाळवण्याचे काम उरले, आणि आषाढात ते सोपे नसते. ड्रायरची गरम हवा ओल उचलते, हे खरे. पण यंत्र थांबले की तीच दमट हवा आत निवते, आणि परावर्तकामागच्या खाचांत अडकलेले पाणी तेथेच राहते. आईने धान्याची रिकामी स्टीलची कोठी दिली. अर्धा किलो नारिंगी सिलिका जेल सुती पिशवीत बांधून कोठीच्या तळाशी ठेवले, वर उघडा हेडलाइट ठेवला आणि झाकणाची कड चिकटपट्टीने बंद केली. हे जेल ओल शोषताना हिरवट होत जाते, त्यामुळे काम चालू आहे की थांबले, ते दिसते. निळे, गुलाबी होणारे जेल मी घेतले नाही. त्यात कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते विषारी आहे. दोन रात्रींनी कोठी उघडली, तेव्हा खाचांतले शेवटचे थेंबही गेले होते.

फटीसाठी सिलिकॉन घेताना ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेली नळी पाहून घेतली. स्वस्त प्रकारातून सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो. ते आम्ल धातूला आणि परावर्तकाला चांगले नाही. जुन्या सांध्यावरचा मिठाचा व मातीचा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला आणि बुडबुडे आले होते त्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर पुढेपर्यंत सिलिकॉन बसवले. श्वासनळ्यांच्या तोंडांना मुळीच हात लावला नाही. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानेच पक्के होते, तेव्हा या एका कामापुरता आमचा पावसाळा उपयोगी पडला. पुरता एक दिवस ते तसेच राहू दिले. मग बल्ब व टोपी बसवून अंगणात दहा मिनिटे झारीने पाणी घातले. आत एकही थेंब आला नाही.

हेडलाइट जागेवर चढवल्यावर गाडी खडूच्या खुणांवर उभी केली. झोत आखलेल्या पट्टीपेक्षा चार बोटे वर जात होता. मागचा समायोजक स्क्रू फिरवून तो पट्टीवर आणला, नाहीतर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर प्रकाश पडला असता.

त्यानंतर मघा नक्षत्राचा पाऊस याच गाडीने पाहिला आणि आंबा घाटही दोनदा उतरलो. पहाटे डाव्या काचेवर पातळ दव धरते, आणि पाली येईपर्यंत ते उजव्या काचेबरोबरच विरते. गेल्या रविवारी उजव्या हेडलाइटची वरची नळीही काढून पाहिली; तिच्या तोंडाशी ओली माती नुकतीच लिंपायला घेतली होती. ती काढली आणि नळी पुन्हा बसवली.