आज डर्बी, उद्या बक्स्टन : लोकम डॉक्टरकीचे दिवस

ब्रिटनमधली प्राण्यांच्या डॉक्टरची कायमची नोकरी सोडून ‘लोकम’ करायला लागल्याचं सासूबाईंना फोनवर सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न होता, “म्हणजे काढून टाकलं का गं तुला?” काढलं नाही, मीच सोडली. पण या वयात, घराचे हप्ते चालू असताना, धडधाकट नोकरी सोडून दर आठवड्याला वेगळ्या दवाखान्यात कोणी का जावं, हे त्यांना पटवणं मला अजून जमलेलं नाही.

काम समजायला अवघड नाही. एखाद्या दवाखान्यातला प्राण्यांचा डॉक्टर सुट्टीवर गेला, बाळंतपणाच्या रजेवर गेला किंवा जागाच भरली गेली नाही, तर तेवढ्या दिवसांपुरता दुसरा डॉक्टर बोलावतात. आपल्याकडे सरकारी खात्यात अशा वेळी शेजारच्या दवाखान्याच्या डॉक्टरला ‘अतिरिक्त कार्यभार’ देतात आणि तो बिचारा दोन्हीकडे धावत बसतो. सांगोल्याकडे पशुधन विकास अधिकारी असताना मी तो भरपूर वाहिला आहे, तोही जादा पगाराशिवाय. इथे ब्रिटनमध्ये त्या धावपळीचे रोजावर पैसे मिळतात. ब्रेक्झिटनंतर युरोपातून येणारे डॉक्टर कमी झाले, त्यामुळे अनुभवी माणसाला मागणीही बरी आहे. आठवड्यातले दोन-तीन दिवस काम करायचं, उरलेले आपले.

आम्ही डर्बीत राहतो. घरापासून तासाभराच्या अंतरातली कामं मी घेते : गावातली, नॉटिंगहॅमच्या बाजूची, ॲशबोर्नची, क्वचित वर बक्स्टनची. बक्स्टनला जाणारा ए-515 रस्ता उन्हाळ्यात इतका देखणा असतो की पैसे न देताही गेले असते. जानेवारीत त्याच रस्त्यावर बर्फ पडला की पैसे देऊनही नको वाटतं. गायी-मेंढ्यांची कामं मात्र घेत नाही. सांगोल्यात खिलार बैल बघितलेत, लाळ-खुरकुताच्या लसीकरणाला पहाटेपासून वस्त्या पालथ्या घातल्यात, ते माझ्यापुरतं पुष्कळ झालं. आता फक्त कुत्री, मांजरं आणि अधूनमधून एखादा ससा.

नवीन दवाखान्यातला पहिला तास सगळ्यात कठीण. औषध तेच असतं, कपाट वेगळं. संगणकावरचं सॉफ्टवेअर वेगळं, त्याचा पासवर्ड कोणीतरी कालच बदललेला. भुलीचं केटामाइन आणि तीव्र वेदनाशामक मेथाडोन यांची कपाटं कायद्याने कुलूपबंद असतात. केटामाइन 2015 मध्ये कडक नियंत्रणाच्या यादीत गेलं, तेव्हापासून त्याच्या मिलीलीटर-मिलीलीटरची वहीत नोंद ठेवावी लागते. किल्ली कोणाकडे आणि वही कुठे, हे आधी विचारून घ्यायचं. प्रत्येक पेशंटला साधारण पंधरा मिनिटं. त्यात मालकाशी ओळख, तपासणी, निदान, खर्चाचा अंदाज आणि नोंद, सगळं बसवायचं.

या तासात तारून नेते ती नर्स. इथली नोंदणीकृत व्हेटरनरी नर्स म्हणजे आपल्याकडच्या ड्रेसरची, म्हणजे मलमपट्टी करणाऱ्या मदतनिसाची, वरची पायरी नव्हे, तो स्वतंत्र शिकलेला पेशा आहे. ती सलाईन लावते, रक्त काढते, भूल दिलेल्या प्राण्यावर लक्ष ठेवते, आणि डॉक्टरच्या सांगण्यावरून छोट्या शस्त्रक्रियाही कायद्याने करू शकते. शिवाय कुठलं कुत्रं चावरं आहे आणि कुठल्या मालकाची तीन बिलं थकलीत, हेही तिलाच ठाऊक. मी गेल्या गेल्या तिचं नाव विचारते आणि चहा कसा लागतो ते लक्षात ठेवते. हा शहाणपणा कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत.

एका संध्याकाळी, दवाखाना बंद व्हायला थोडा वेळ असताना लघवी तुंबलेला बोका आला. थंडगार, मान टाकलेला, पोटात मूत्राशय लिंबाएवढं टणक, आणि हृदयाचे ठोके मांजराच्या मानाने फारच संथ. रक्तातलं पोटॅशियम चढलं की हृदय असं मंदावतं. अशा वेळी आधी हृदय सांभाळायचं, मग मूत्रमार्ग मोकळा करायचा. हृदयासाठी कॅल्शियम ग्लुकोनेट हवं होतं आणि ते कुठल्या खणात आहे, याचा मला पत्ता नव्हता. मी तोंडातून शब्द काढायच्या आत नर्सने बाटली काढून हातात ठेवली. ईसीजीकडे बघत ते सावकाश शिरेतून दिलं, सलाईन चालू केलं, ठोके वाढल्यावर भूल देऊन कॅथेटर घातला. रात्री त्याला तिथे ठेवायची सोय नव्हती, म्हणून कागदपत्रांसकट रात्रपाळीच्या दवाखान्यात पाठवला.

त्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

मला सगळ्यात जड गेलं ते हेच. सांगोल्यात असताना मी म्हशीचा बाहेर आलेला मायांग, म्हणजे गर्भाशय, बसवून आले की दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर कोणीतरी सांगायचंच, “मॅडम, उठली बरं का म्हस.” मेली तरी कळायचं, आणि तेही स्टँडवरच, चारचौघांत. गावात एकच डॉक्टर असला की प्रत्येक जनावराचा शेवट त्याच्या दारात येतो. इथल्या कायमच्या नोकरीतही दहा-दहा वर्षं तीच कुत्री बघितली, पिल्लू म्हणून पहिल्या लशीला आलेली आणि म्हातारी होऊन शेवटच्या इंजेक्शनला आलेली. लोकमला यातलं काही मिळत नाही. गोष्टीचं मधलंच पान हातात येतं. सुरुवातीला मी घरी येऊन त्या-त्या दवाखान्याला फोन करायचे. मग लक्षात आलं, त्यांच्या कामात लुडबुड होते. आता करत नाही.

त्याऐवजी नोंदी लिहिते. माझ्यानंतर हा प्राणी बघणाऱ्या डॉक्टरला मी कधी भेटणार नाही, त्यामुळे जे डोक्यात आहे ते सगळं कागदावर जायला हवं : काय दिसलं, काय दिसलं नाही, कशाची शंका आहे, मालकाला काय सांगितलं आणि खर्चाला तो कुठवर तयार आहे. शेवटचं फार महत्त्वाचं. माणसांना इथे एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा आहे, प्राण्यांना नाही. विमा असेल तर एमआरआयपर्यंत जाता येतं, नसेल तर तीच तपासणी सुचवताना जीभ अडखळते. त्यात आता निम्म्याहून जास्त दवाखाने मोठ्या समूहांच्या हातात गेलेत. दरपत्रक वरून येतं, आणि मालकाचा वैतागलेला चेहरा बघायला मात्र एक दिवसासाठी आलेली मी.

वाईट अनुभवही आला. एका ठिकाणी “हलका दिवस आहे” म्हणून बोलावलं आणि पोचल्यावर कळलं की कोणाला नको असलेली सगळी ऑपरेशनं माझ्याच नावावर लावून ठेवली होती. वर अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी फक्त कागदावर. तिथे पुन्हा गेले नाही. लोकमचा खरा फायदा हाच, ‘नको’ म्हणायला राजीनामा लिहावा लागत नाही.

काही सवयी मात्र पंचवीस वर्षांनीही जात नाहीत. लाळ गाळणारं, झोकांड्या खाणारं कुत्रं आलं की माझा हात आधी हातमोज्यांकडे जातो. इथे 1922 नंतर देशातल्या देशात कुत्र्यांमध्ये रेबीज झालेला नाही, परदेशी न जाणाऱ्या कुत्र्याला त्याची लसही टोचत नाहीत. तरुण डॉक्टर माझ्याकडे बघून हसतात. हसू देत.

पैशाचं विचारणारे बरेच असतात, म्हणून सांगते. माझ्या भागात अनुभवी लोकमला दिवसाचे साधारण चारशे पौंडांच्या आसपास मिळतात. रुपयांत गुणाकार करून डोळे फिरवू नका. त्यात रजेचा पगार नाही, आजारपणाचा नाही, पेन्शन नाही. पेट्रोल आपलं, व्यावसायिक विमा आपला, प्राण्यांच्या डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या रॉयल कॉलेजची वार्षिक फी आपली, वर्षाला 35 तासांचं सक्तीचं प्रशिक्षण आपल्या वेळेत आणि आपल्या खर्चाने. कर आपणच हिशोब करून 31 जानेवारीपर्यंत भरायचा. त्यासाठी दर बिलातला तिसरा हिस्सा मी वेगळ्या खात्यात टाकते आणि त्याला हात लावत नाही. ऑगस्टमध्ये सगळे सुट्टीवर, म्हणून कामच काम. फेब्रुवारीत कधी कधी फोन वाजतच नाही.

परळ, शिरवळ, परभणी, उदगीरच्या पशुवैद्यकीय कॉलेजांतली मुलं-मुली मेसेज करून विचारतात, “मॅडम, आम्हीही तिकडे येऊन थेट लोकम करू का?” तर थेट नाही जमणार. आपली बीव्हीएससी इथे आपोआप चालत नाही. रॉयल कॉलेजची परीक्षा द्यावी लागते, लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही, आणि त्याआधी इंग्रजीची. ती पास झाल्यावर नोकरीच्या व्हिसावर आलात, तरी त्या व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही. माझं लोकम सुरू झालं ते इथे कायमच्या वास्तव्याची परवानगी मिळाल्यानंतरच. आणि परवानगी असती तरी नव्या पदवीधराला मी हे सुचवलं नसतं. पहिली काही वर्षं एकाच दवाखान्यात, शेजारच्या खोलीत कोणीतरी जुनं माणूस असताना काढावीत, आपण टाके घातलेला प्राणी दहा दिवसांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावा. ते बघितलेलं असलं, तरच पुढे न बघता राहता येतं.

सध्या नोव्हेंबरचा पहिला आठवडा भरलेला आहे. पाच तारखेला इथे फटाक्यांची रात्र, दिवाळीचे फटाके त्याच्याच मागे-पुढे, त्यामुळे घाबरलेल्या कुत्र्यांसाठी औषध मागायला लोकांची रांग लागते. दोन दवाखान्यांनी एकाच तारखेला बोलावलंय. ॲशबोर्नला हो म्हटलंय, तिथल्या नर्सला माझा चहा कसा लागतो ते माहीत आहे.