बोट आहे, ठसा नाही

आधार केंद्रावर बसून मला सात वर्षं झाली. डाव्या हाताची चार बोटं, उजव्या हाताची चार, मग दोन्ही अंगठे. नोंद पूर्ण करताना माझंही बोट लागतं, म्हणजे चुकलं तर ते माझ्या नावावर.

लोकांना वाटतं, जोरात दाबलं की ठसा चांगला येतो. उलट दाबल्यावर रेघा चेपून एकमेकींत मिसळतात. बोटाचं टोक नाही, वरच्या पेराचा फुगीर भाग अलगद टेकवायचा. कोरडं असेल तर ओलसर फडक्याने पुसून. हे मी चांगलं करते.

त्या दिवशी सोलापुरात जन्मभर विड्या वळलेल्या एक आजी आल्या. "पोरी, रेशनवाला म्हनतो अंगठा लागंना." २०११ च्या शिबिरात त्यांचे ठसे आले होते. आता तेंदूपानावर घासून अंगठ्याची कातडी काचेसारखी गुळगुळीत झालेली. उजेडात धरून पाहिलं, रेघा दिसतच नव्हत्या. पुसलं, थांबले, पुन्हा टेकवलं. चारही वेळा स्क्रीनवर लाल. डोळ्यांचं स्कॅन मात्र पहिल्या फटक्यात झालं.

बोट नसेल किंवा पट्टीत असेल तर ठसा न घेता अपवाद नोंदवता येतो. आजींची दहाही बोटं जागेवर. खोटा अपवाद टाकला तर माझा ऑपरेटर आयडी बंद होऊ शकतो. मग जो त्यातल्या त्यात बरा ठसा आला, तोच पुढे गेला.

त्यांच्या रेशन दुकानात डोळ्यांचं यंत्र नाही. आधारला जोडलेला मोबाईल मुलाचा, तो पुण्यात कामाला. ओटीपी त्याला जातो आणि पाळीवर असताना तो फोन उचलत नाही. खरं तर अंगठा जुळला नाही म्हणून धान्य अडवायचं नाही, हे आधार प्राधिकरणाने २०१७ मध्येच परिपत्रक काढून कळवलं आहे. दुकानदारांना हे माहीत नसतं असं मला वाटत नाही. म्हातारीला परत पाठवणं सोपं, अंगठ्याशिवाय धान्य देऊन ते रजिस्टरात लिहीत बसणं कटकटीचं.

"आता लागंल नव्हं?" आजींनी विचारलं.

"लागेल," मी म्हणाले. तो लाल रंग नुकताच पाहिला होता, तरी म्हणाले. ते मला अजून टोचतंय.

पावतीच्या मागे त्या परिपत्रकाची तारीख लिहून दिली, २४ ऑक्टोबर २०१७, आणि दुकानदाराला दाखवायला सांगितलं. त्याला तीन आठवडे झाले. आजी परत आलेल्या नाहीत.