आमची वाटचाल: २५६ रंगांपासून आजच्या बॅकग्राउंडपर्यंत

आम्ही छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइट बनवतो. साड्यांची दुकानं, मंगल कार्यालयं, दवाखाने, आंबा-काजूचे व्यापारी अशी आमची गिऱ्हाइकं. या कामात एक प्रश्न कायम येतो: ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मागचा रंग छान मोतिया दिसतो, घरच्या लॅपटॉपवर तोच पांढरा का? आमची वाटचाल म्हणजे बरीचशी याच प्रश्नाच्या उत्तराची वाटचाल आहे. आधी आम्ही प्रत्येक स्क्रीनवर तंतोतंत तोच रंग यावा म्हणून झटायचो. आता रंग थोडा इकडचा तिकडे झाला तर चालवून घेतो. पण बॅकग्राउंड आणि त्यावरचं अक्षर, बॅकग्राउंड आणि त्याला चिकटलेलं चित्र, बॅकग्राउंड आणि त्यावरची चौकट यांचं आपसातलं नातं कुठेही तुटू देत नाही.

सुरुवात २५६ रंगांच्या काळातली. ग्राफिक कार्डात १ एमबी मेमरी असायची. ८०० × ६०० च्या स्क्रीनवर ४,८०,००० ठिपके. एका ठिपक्याला १ बाइट दिला की २५६ रंग मिळत. २ बाइट दिले की ९,६०,००० बाइट लागत, ते कसेबसे मावत. ३ बाइटांचे १४,४०,००० होत आणि कार्ड हात वर करी. त्या २५६ मधले २० रंग विंडोजने स्वतःच्या खिडक्या-बटणांसाठी राखलेले, मॅकचा संच वेगळा. दोन्हीकडे सारखे उमटतील असे उरले २१६. लाल, हिरवा, निळा या प्रत्येकाच्या ०, ५१, १०२, १५३, २०४, २५५ अशा सहाच पायऱ्या, म्हणून ६ × ६ × ६. या संचाबाहेरचा रंग दिला की ब्राउझर दोन रंगांचे ठिपके आलटून पालटून मांडून तो भासवायचा. इंग्रजी मजकूर त्यावर कसाबसा वाचता येई. मराठी अक्षरांचे हाल होत, कारण बारीक टायपात अनुस्वार म्हणजे एखाददुसरा ठिपका, आणि तो मागच्या ठिपक्यांत मिसळून गेला की ‘मंद’ आणि ‘मद’ यांत फरक राहत नाही.

२१६ हा आकडा मोठा वाटतो. पण अक्षरांच्या मागे घालण्याजोगा फिका रंग हवा असेल तर तिन्ही अंक २०४ किंवा २५५ असायला हवेत, आणि असे रंग भरतात फक्त आठ: पांढरा, एक राखाडी आणि सहा फिक्या छटा. त्या काळातल्या इतक्या साइट फिक्या पिवळ्या (२५५, २५५, २०४) का दिसतात, त्याचं कारण हेच.

मग १६ बिटांची, म्हणजे ठिपक्याला २ बाइट देणारी कार्डं आली आणि ६५,५३६ रंग मिळाले. आता प्रश्न सुटला असं सगळ्यांना वाटलं. झालं उलटं. १६ बिटांत लाल आणि निळ्याला ५-५ बिट मिळतात, हिरव्याला ६. म्हणजे हिरव्याच्या ६४ पायऱ्या, बाकी दोघांच्या ३२. आपला २०४ या पायऱ्यांवर नेमका बसत नाही. हिरव्यातला २०४ घ्या: जास्तीचे बिट नुसते कापले तर तो ५१व्या पायरीवर जातो, जवळच्या पायरीला नेला तर ५०व्या. ब्राउझर पानाचा रंग एका रीतीने मोजणार आणि चित्रातला दुसऱ्या रीतीने, मग लोगोभोवती फिकट चौकोन उमटणारच. २००० साली डेव्हिड लेन आणि हॅडली स्टर्न यांनी वेगवेगळ्या कॉम्प्युटरांवर आणि ब्राउझरांवर चाचण्या घेऊन दाखवलं की २१६ पैकी सगळीकडे खरोखर सारखे राहणारे रंग २२ च आहेत. त्या बावीसांत वाचण्याजोगं बॅकग्राउंड शोधत बसण्यापेक्षा दुसरा मार्ग बरा होता: लोगोची जीआयएफ (मोजक्या रंगांची चित्रफाइल) पारदर्शक करायची, किंवा पानाचं बॅकग्राउंडही त्याच रंगाच्या छोट्या जीआयएफने भरायचं. मग दोघांचा रंग चुकला तरी एकाच बाजूला चुकतो आणि सांधा दिसत नाही. नातं जपण्याचा धडा इथून मिळाला.

पुढचा घोळ गामाचा, म्हणजे रंगाचा अंक वाढला की स्क्रीनवरचा उजेड कोणत्या वळणाने वाढतो त्याचा. मॅकवर बरीच वर्षं गामा १.८ होता, २००९ च्या स्नो लेपर्ड या मॅकच्या आवृत्तीपासून तो २.२ झाला, विंडोजचा आधीपासूनच २.२. याचा परिणाम मधल्या छटांवर होतो. १२८ हा अंक २.२ वर पूर्ण उजेडाच्या सुमारे २२ टक्के दिसतो, १.८ वर २९ टक्के. तेच २४८ घेतलं तर दोन्हीकडे ९४-९५ टक्के. म्हणून बॅकग्राउंड एकतर अगदी फिकं किंवा अगदी गडद ठेवायचं, मधली राखाडी आणि मधली विटकरी मोठ्या जागेवर पसरायची नाही, हा नियम आम्ही तेव्हा घातला. आज गामाचा तो फरक उरला नाही, पण स्वस्त स्क्रीनचं वळण मधल्या छटांतच सर्वात जास्त चुकतं, त्यामुळे नियम कायम आहे.

पीएनजी ही नवी चित्रफाइल आली तेव्हा याच गामाने चित्रात घर केलं. फाइलमध्ये गामाची नोंद असली की काही ब्राउझर चित्राचा रंग त्याप्रमाणे बदलत, पानाचा रंग मात्र तसाच ठेवत. पुन्हा तो चौकोन. उपाय आजही तोच: सपाट रंगाच्या पीएनजीतून गामाची आणि आयसीसी प्रोफाइलची (अंक कोणत्या रंगसंचातले ते सांगणारी) नोंद काढून टाकायची. पीएनजीक्रश नावाचा प्रोग्रॅम हे काम एका आदेशात करतो. पण आधी चित्र एसआरजीबीत, म्हणजे वेबच्या नेहमीच्या रंगसंचात, रूपांतरित करायचं आणि नोंद मग काढायची. हा क्रम उलटा झाला तर अडोबी आरजीबी या मोठ्या संचातले अंक एसआरजीबी समजून वाचले जातात आणि रंग मलूल होतो. फोटोंचं वेगळं. त्यांत एसआरजीबी प्रोफाइल ठेवलेलं चांगलं.

जेपेगबद्दल आमचं मत ठाम आहे: सपाट बॅकग्राउंडला जेपेग चिकटवू नये. जेपेग चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे तुकडे करून साठवतं, त्यात तुमचा मोतिया एक-दोन अंकांनी हलतो आणि वस्तूच्या कडेला त्या तुकड्यापुरती धूळ उठते. पैठणीचा फोटो पानात मिसळून जायला हवा असेल तर पारदर्शक पीएनजी किंवा वेबपी वापरा. ते जमत नसेल तर फोटोला सरळ १ पिक्सेलची रेघ द्या, म्हणजे दोन रंग शेजारी येतच नाहीत.

आता सगळ्यात जास्त तक्रारी ज्यातून येतात ती गोष्ट, म्हणजे पांढऱ्याजवळचे रंग. फॅशन अशी आहे की पान पांढरं आणि त्यावरच्या चौकटी २५० च्या (तिन्ही अंक २५०) राखाडी, किंवा उलट. डिझायनरच्या चांगल्या आयपीएस (तिरकं पाहिलं तरी रंग टिकवणाऱ्या) मॉनिटरवर हे देखणं दिसतं. १३६६ × ७६८ च्या स्वस्त टीएन (तिरकं पाहिलं की रंग बदलणाऱ्या) लॅपटॉपवर झाकण थोडं मागे लवलं की २५० आणि २५५ एकच होतात आणि चौकटी गायब. अशा बऱ्याच पॅनेलांना खरे बिट प्रत्येक रंगाला ६ च असतात. मधल्या छटा ठिपके भराभर बदलून भासवल्या जातात. २४० ते २५० असा हलका उतरता रंग ११०० पिक्सेलवर पसरला तर मुळातच ११ पायऱ्या होतात, प्रत्येकी १०० पिक्सेलची पट्टी. भासवण्याची सोय नसलेल्या ६ बिटांवर त्यातल्या तीनच उरतात. उतरता रंग हवाच असेल तर दोन टोकांत किमान ३० चं अंतर ठेवा किंवा त्यावर अगदी हलका दाणेदार पोत टाका, पट्ट्या मोडतात.

टीव्हीचं प्रकरण अनेकांना ठाऊकच नसतं. दुकानात काउंटरमागे एचडीएमआय केबलने टीव्ही जोडतात आणि साइट त्यावर दाखवतात. कधी कधी कॉम्प्युटर ० ते २५५ पाठवतो, टीव्ही मात्र १६ ते २३५ च समजतो. २३५ च्या वरचं सगळं त्याच्या लेखी पूर्ण पांढरं. आमचा आवडता मोतिया (२५५, २४८, २३१) त्यावर २५५, २५५, २५० होतो, म्हणजे जवळजवळ पांढरा. दोष साइटचा नसतो. ग्राफिक कार्डाच्या सेटिंगमध्ये आउटपुट रेंज आणि टीव्हीच्या मेनूमध्ये एचडीएमआय ब्लॅक लेव्हल जुळवली की रंग परत येतो. दोन्ही मेनू दोन मिनिटांत सापडतात, म्हणून तक्रार आली की आम्ही कोड उघडण्याआधी हे विचारतो.

२०१५ पासून आयमॅकमध्ये आणि २०१६ पासून आयफोनमध्ये पी३ स्क्रीन आले, ज्यांचा रंगांचा आवाका एसआरजीबीपेक्षा मोठा आहे. सीएसएसमधला (पानाची सजावट लिहायच्या भाषेतला) नेहमीचा रंग एसआरजीबीच धरला जातो, पण रंगव्यवस्थापन नीट नसेल तर तेच अंक मोठ्या आवाक्यावर ताणले जातात आणि भगवा अंगावर येतो. फायरफॉक्स ब्राउझरची मूळ सेटिंग बरीच वर्षं प्रोफाइल जोडलेल्या चित्रांचाच रंग सुधारायची, पानाचा नाही. म्हणजे मोठ्या आवाक्याच्या मॉनिटरवर प्रोफाइलवालं चित्र आणि पान यांत सांधा दिसायचा. सपाट चित्रांतून नोंद काढायची ती यासाठीही. मॅकवर रंग उचलताना त्यातलं डिजिटल कलर मीटर हे अॅप ‘एसआरजीबीत दाखवा’ वर ठेवावं, नाहीतर हाती येतात ते त्या स्क्रीनचे अंक, तुमच्या रंगाचे नाहीत.

गिऱ्हाईक रंग सांगतं तो मात्र अंकांत सांगत नाही. श्रीखंडी, अबोली, चिंतामणी अशी नावं येतात आणि ती आम्हाला प्रिय आहेत. श्रीखंडी, मोतिया, पिस्ता यांना अंकांत बांधणं सोपं. चिंतामणीची मोठी पार्श्वभूमी आम्ही करत नाही: निळा आणि जांभळा यांच्या सीमेवरचा रंग एका स्क्रीनवर निळा होतो आणि दुसऱ्यावर जांभळा, आणि साडीवाल्याच्या डोळ्याला हा फरक खपत नाही. तो रंग काठासारखा, पट्टीपुरता वापरावा.

आज रंग ठरवताना आम्ही तीन स्क्रीन शेजारी ठेवतो. एक कलरिमीटरने (रंग मोजायच्या उपकरणाने) पांढऱ्याची छटा ६५०० केल्व्हिन, गामा २.२ आणि उजेड १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटरवर बसवलेला आयपीएस, एक स्वस्त टीएन लॅपटॉप, एक ओएलईडी (प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारा) फोन. तिघांवर २५५, २५२, २४८, २४४, २४०, २३५, २३० अशा चौकोनांची पट्टी उघडतो. लॅपटॉपचं झाकण सरळ उभं करून हळूहळू मागे नेतो आणि पांढऱ्यापासून वेगळा दिसणारा पहिला चौकोन टिपतो. पान आणि चौकट यांत निदान १२ ते १५ अंकांचं अंतर ठेवतो आणि चौकटीला २१५ च्या आसपासची रेघ देतोच. मग स्क्रीन कृष्णधवल करून पाहतो. रंग गेल्यावर जे वेगळं दिसत नाही ते स्वस्त स्क्रीनवरही दिसणार नाही.

अक्षर आणि बॅकग्राउंड यांच्या उजेडातलं प्रमाण (कॉन्ट्रास्ट) मोजल्याशिवाय पान पुढे जात नाही. साध्या मजकुराला किमान ४.५ : १ हवं. यात एक चकवा आहे. ११८ ची राखाडी अक्षरं पांढऱ्यावर ४.५४ ने पास होतात, तीच वर सांगितलेल्या मोतियावर ४.२९ वर येऊन नापास. तिथे अक्षर ११४ पर्यंत गडद करावं लागतं. मुख्य मजकुराला आम्ही ५१ वापरतो, मोतियावर त्याचं प्रमाण सुमारे १२ भरतं, आणि ‘र्‍हस्व’ मधला अर्धा र ऊन पडलेल्या फोनवरही दिसतो.

सीएसएसमध्ये बॅकग्राउंड आणि अक्षर हे दोन्ही रंग नेहमी जोडीने लिहायचे. एकच लिहिला आणि वापरणाऱ्याने दुसरा स्वतःच्या सोयीने बदललेला असला तर काळ्यावर काळं होतं. गडद रूपासाठी (डार्क मोड) रंगांची वेगळी जोडी देतो, त्यात १८, १८, १८ च्या आसपासचा काळा. कारण ओएलईडीवर निव्वळ ० च्या काळ्यावर पान सरकवताना मागे काळसर शेपूट राहते. ही जोडी दिली नाही तर काही फोन ब्राउझर स्वतःच्या हिशोबाने रंग उलटवतात आणि मोतियाचा मातकट तपकिरी होतो.

काम सोपवताना गिऱ्हाइकाला एक पान देतो. त्यावर प्रत्येक रंगाचं मराठी नाव, तिन्ही अंक आणि तो कुठे वापरायचा ते असतं. शेवटच्या ओळीत इतकंच: रंग पिवळट वाटला तर आधी नाइट लाइट बंद करा, निळसर पांढरा वाटला तर मॉनिटरच्या मेनूत ९३०० च्या जागी ६५०० निवडा, आणि मग आम्हाला फोन करा.