जुन्या हेल्प फाईली एकदाच्या उघडल्या

एक जुनं सॉफ्टवेअर मी अजून वापरतो, विंडोज १० वर मस्त चालतं, पण परवा त्यातला एक ऑप्शन नक्की काय करतो ते बघायला हेल्प दाबलं तर भलताच ब्राउझर उघडला आणि समोर सपोर्टचं पान. म्हटलं फाईल करप्ट झाली. तर तसं नाही, फाईल ठणठणीत होती, ती वाचणारा प्रोग्रामच गायब!

ही डॉट एचएलपी फाईल, १९९० च्या विंडोज ३.० पासूनची. ती उघडणारा विनहेल्प३२ विंडोज व्हिस्टापासून काढून टाकला, मग ८.१ पर्यंत वेगळा डाउनलोड करून टाकता यायचा, १० साठी तेही नाही. विंडोजच्या फोल्डरमध्ये त्या नावाची फाईल दिसते खरी पण ती नुसती नावाला. तिच्या जागी जुन्या विंडोज एक्सपीमधली आणून बसवणारे लोक आहेत, मला सिस्टमच्या फाईलींशी असले खेळ नको वाटतात.

मी हेल्पडेको वापरलं. कमांड लाईनवर चालतं, एचएलपी फोडून आरटीएफ, म्हणजे वर्डमध्ये उघडणारी फाईल, करून देतं. ती वर्डमध्ये उघडली आणि गंमत वाटली, प्रत्येक टॉपिक वेगळ्या पानावर आणि सुरुवातीलाच तळटीपा, डॉलरच्या खुणेला टॉपिकचं नाव, के ला इंडेक्समधले शब्द. म्हणजे ज्याने कोणी ती हेल्प लिहिली त्याने वर्डमध्ये बसून अशाच तळटीपा टाकल्या असणार. हवा तो ऑप्शन सापडला, पण मी उगाच अर्धा तास बाकीचंच वाचत बसलो. लिंक वगैरे जशाच्या तशा हव्या असतील तर लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या वाईनमध्ये त्याचा स्वतःचा विनहेल्प आहे, नाहीतर व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) एक्सपी.

एचएलपीनंतर आलेल्या सीएचएम हेल्प फाईलींचं दुखणं वेगळं, दोन्हीची गल्लत करू नका. ती आजही उघडते, डावीकडे यादी पण दिसते, फक्त उजवीकडे कोरं. नेटवरून उतरवलेल्या फाईलला विंडोज खूण लावून ठेवतं म्हणून. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉकवर टिक, झालं. तरी कोरंच असेल तर फोल्डरच्या नावात हॅशचं चिन्ह आहे का बघा (माझ्या होतं, सी शार्पच्या (C#) फोल्डरमध्ये ठेवली होती ना) आणि फाईल नेटवर्क ड्राइव्हवर असेल तर आधी आपल्या डिस्कवर कॉपी करा.