आमची वाटचाल : नाणी, पदकं आणि रद्दीत गेलेली एक सनद

आणीबाणी उठली त्या वर्षी आमच्या या दुकानाचा पाया घालणाऱ्या अण्णांनी पुण्याच्या जुन्या बाजारात पहिल्यांदा सतरंजी अंथरली. पोटापाण्याला छापखान्यातली कंपोझिटरची नोकरी होतीच, हे फक्त रविवारपुरतं. शिवराया, अंकुशी रुपये, व्हिक्टोरियाचे कलदार, भोकाचे पैसे. पदकं मिळाली तर ती नाण्यांच्या ढिगातच पडून असायची आणि जायचीही वजनावर. 'कुणाचं' हा प्रश्न तेव्हा कुणी विचारत नव्हतं. अण्णाही नाही.

पुढे दहा बाय आठचा गाळा घेतला. तेव्हा पेठांमधले वाडे पडायला लागले होते. वाडा पडायचा म्हटलं की माळा रिकामा होतो, आणि माळ्यावरच्या ट्रंकेत काय निघेल ते देवालाच ठाऊक. अशाच एका वाड्यातल्या काकू एक चपटी डबी घेऊन आल्या. डबीत सोन्याचा, लाल मीन्याचा पाच पाकळ्यांचा गुलाब, वर मुकुट, मधे व्हिक्टोरिया राणीचा चेहरा. "आमच्या आजेसासऱ्यांना सरकारनं दिला होता. सोबत एक मोठा कागदही आहे, आणू का?" अण्णा म्हणाले, "कागदाचं काय करायचं, काकू? तुमचा तुम्ही ठेवा."

तो गुलाब म्हणजे सी.आय.ई. (कम्पॅनियन), इंग्रज सरकारच्या ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर या सन्मानाची सर्वांत खालची पायरी. मुंबईचे एक संग्राहक आले, भिंगातून पाहिलं आणि विचारलं, "कुणाचा?" अण्णांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी सोन्याच्या भावावर थोडं चढवून नेला. चार दिवसांनी अण्णा काकूंकडे धावले, तर कागद वाडा रिकामा करताना तीन किलो रद्दीबरोबर गेलेला. काकूंना आजेसासऱ्यांचं नाव ठाऊक होतं, पण हाच गुलाब त्यांचा हे दाखवणार कशानं? आयुष्यभर अक्षरं जुळवलेल्या माणसानं कागद नको म्हणावं, याची बोच त्यांना शेवटपर्यंत होती. मी दुकानात बसायला लागलो त्या दिवशी त्यांनी एकच ताकीद दिली, पदक आणि कागद वेगळे विकायचे नाहीत.

असं का, ते जरा उलगडून सांगतो, कारण गिऱ्हाईक रोज हाच घोटाळा करतं. रावबहादूर, रावसाहेब या पदव्यांचे बिल्ले 1911 नंतरचे. त्यांच्या पाठीवर धारकाचं नाव कोरलेलं असतं. सी.आय.ई.च्या पाठीवर काही नसतं. आणि चेहऱ्यावरून साल ओळखावं म्हटलं तर तेही नाही. गादीवर एडवर्ड आला, जॉर्ज आले, पण गुलाबाच्या मधोमध 1947 पर्यंत व्हिक्टोरियाच राहिली. म्हणजे सनद (काकूंच्या त्या कागदासारखं, धारकाच्या नावाचं सरकारी मानपत्र), नियमांची पुस्तिका, डबी, एखादा फोटो हे सोबत नसेल तर तो नुसता एक सुंदर बेवारस दागिना. अमक्याचा म्हणून सिद्ध झाला की त्याचा भाव सोन्याशी नातंच ठेवत नाही.

थोडीफार तारीख मात्र अंगावरून कळते. ही ऑर्डर 1878 च्या नववर्षाला सुरू झाली. सुरुवातीचा गुलाब मोठा आणि पाकळ्यांवर इंडिया ही अक्षरं. पुढे 1887 मध्ये वरचे वर्ग आले, गुलाब लहान झाला, अक्षरं गेली. शिवाय 1917 पर्यंत सी.आय.ई. छातीवर लावत, नंतर गळ्यात आली. त्यामुळे जुन्या गुलाबांना मागाहून कडी बसवून घेतलेली दिसते. तिथला डाग, म्हणजे सोनाराचा जोड, बघायला मी भिंग आधी तिथेच नेतो. मग पाकळ्या. मीन्याचा टाचणीच्या डोक्याएवढा टवका उडाला तरी किंमत पडते, म्हणून काही महाभाग तिथे लाल लाख भरतात. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली ती वेगळी चमकते. एकदा तर चक्क नखांचं पॉलिश निघालं!

गिऱ्हाइकाला सी.आय.ई. ही अक्षरं समजावताना मी जुन्या पुण्याचाच आधार घेतो. न्यायमूर्ती रानडे सी.आय.ई. होते. गोखल्यांना 1904 मध्ये सी.आय.ई. मिळाली. त्यांचं निधन 1915 चं, म्हणजे त्यांनी ती छातीवरच लावली असणार. 1914 मध्ये त्यांना याच ऑर्डरची वरची पायरी, के.सी.आय.ई. (नाइट कमांडर), देऊ केली होती, ती त्यांनी नाकारली. भांडारकर 1911 मध्ये के.सी.आय.ई. झाले. एवढं सांगितलं की समोरचा माणूस डबीकडे वेगळ्या नजरेनं पाहतो.

याच्या वरची स्टार ऑफ इंडिया, 1861 ची. सत्तावन्नच्या उठावानंतर संस्थानिकांना बांधून ठेवायला काढलेली, असं माझं स्पष्ट मत. पहिल्याच यादीत शिंदे, होळकर, गायकवाड तिघंही आहेत. आणि भोपाळच्या सिकंदर बेगमही, पुरुषांच्या यादीत एकट्या बाई! मानकऱ्यांत हिंदू-मुसलमान असणार म्हणून चिन्हात क्रूस घेतला नाही. तारा घेतला आणि 'स्वर्गीय प्रकाश हाच आमचा वाटाड्या' अशा अर्थाचं इंग्रजी ब्रीद. हे ब्रीद हिऱ्यांनी मढवलेलं, मधे राणीचं मुख कोरलेला ऑनिक्स दगड, फीत फिकट निळी आणि कडा पांढऱ्या. हिऱ्यांची वस्तू म्हणून धारक वारला की ती सरकारला परत करायची असा नियम होता, त्यामुळे बाजारात फार क्वचित दिसते. माझ्या हातातून अस्सल अशी एकच गेली.

आणि खास बायकांसाठी क्राउन ऑफ इंडिया, 1878 चीच. तिच्यावर राणीच्या नाव-पदवीची लॅटिन आद्याक्षरं, व्ही हिऱ्यांचा, आर मोत्यांचा, आय फिरोज्यांचा. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाईंना ती होती. राजकन्या एलिझाबेथ आणि मार्गारेट यांना 1947 मध्ये मिळाली. मी ती फक्त फोटोत पाहिली आहे.

धंद्याचं म्हणाल तर कायदा पाळण्यातच निम्मा वेळ जातो. 1972 च्या कायद्यानं शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते. विकायला परवाना लागतो आणि व्यापाऱ्याला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. गंमत अशी की दरवर्षी एकेका सालाचा माल शंभरी गाठून या कायद्यात शिरतो. 1947 च्या यादीतला शेवटचा गुलाब 2047 मध्ये शिरेल, तेव्हा दुकानात माझी मुलगी असेल, किंवा नसेल. परदेशातून दामदुप्पट भावाचे फोन येतात. "जमणार नाही" म्हणून ठेवून देतो. अशा दोन फोनांवरून घरात भांडणंही झाली आहेत.

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ भिजत आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत कापड लावलेली सनद. नाव स्पष्ट, साल स्पष्ट. "कागदाचं काही येतं का?" मी विचारलं, गुलाब कुठे? "तो सोनाराकडे मोडीत दिलाय सकाळीच." मी शटर अर्धं ओढलं, त्यांना मागे बसवून स्कूटर रविवार पेठेत घातली. सोनारानं वजन नीट कळावं म्हणून एका पाकळीचा मीना खरवडून काढला होता. बाकीच्या चार शाबूत होत्या. त्याला ठरलेल्या मोडीवर वरचे पैसे देऊन मी तो सोडवला आणि सनदेचा भाव त्या गृहस्थांना तिथेच, सोनाराच्या गादीवर बसून दिला.

दोन्ही आता एकाच कपाटात आहेत. एक संग्राहक तीनदा येऊन गेले. त्यांना पाकळी खटकते, म्हणून किंमत उतरवून मागतात. मी अजून उतरलेलो नाही.