सर्दीची गोळी आणि पहाटे ३

गेल्या महिन्यात सर्दी झाली म्हणून नाक मोकळं करणारी गोळी घेतली. नाक मोकळं झालं, पण खालचा नळ बंद! पहाटे ३ वाजता संडासात उभा, एक हात भिंतीला टेकलेला, आणि थेंब-थेंब. आता घाबरायचं की हसायचं, तेच कळेना.

माझी प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या लघवीच्या नळीभोवतीची ग्रंथी, वाढलेली आहे हे ४ वर्षांपासून माहीत आहे. पण ती एका रात्रीत थोडीच वाढते? डॉक्टरांनी समजावलं, त्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतं, तसंच मूत्राशयाच्या तोंडाचे आणि प्रोस्टेटचे स्नायूही आवळतं. झोप आणणाऱ्या जुन्या ॲलर्जीच्या गोळ्यांचं वेगळंच, त्या मूत्राशयाचा जोरच काढून घेतात. त्यांनी एक बजावलं: लघवी पूर्णच अडली तर सकाळची वाट बघायची नाही, तडक दवाखाना गाठायचा.

तेव्हापासून वहीत टिपून ठेवतो. थंडी पडली की धार बारीक. पोट साफ नसलं तरी तेच. लांबच्या प्रवासात लघवी दाबून धरली की नंतर उतरता उतरत नाही. संध्याकाळी ६ नंतरचा चहा बंद केला, तर रात्रीच्या ४ फेऱ्यांच्या २ झाल्या. (बायकोला माझ्यापेक्षा जास्त आनंद.) दारूबद्दल वहीत एकच नोंद आहे, मेव्हण्याच्या लग्नाची. ती इथे लिहीत नाही.

आता केमिस्टकडे सर्दीचं औषध मागताना आधी प्रोस्टेटचं सांगतो. मागे रांग असली तरी.