ओकायामाला एक सत्र शिकायला जाताना

परदेशात एक सत्र शिकून यायचं म्हटलं की घरचे आधी व्हिसाची आणि विमानाच्या तिकिटाची चौकशी करतात. माझ्या अनुभवात ही दोन्ही कामं सर्वांत सोपी निघाली. खरा वेळ गेला तो आपल्याच कॉलेजकडून लेखी मान्यता मिळवण्यात आणि बाबांच्या उत्पन्नाचे कागद उभे करण्यात. या वर्षी माझ्या धाकट्या मैत्रिणी त्याच वाटेवर आहेत, त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते आहे.

मी मूळची निफाडची. पुण्यात जपानी घेऊन बी.ए. करत होते. जपानमधल्या ओकायामा शहराचं नाव पुण्याला नवं नाही. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, ज्याला सगळे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान म्हणूनही ओळखतात, ते ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे. आमच्या कॉलेजचा तिथल्या एका विद्यापीठाशी करार होता, आणि दर वर्षी मोजक्या विद्यार्थ्यांची नावं पाठवली जायची. करारातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे फी इथल्या कॉलेजातच भरायची, तिथे शिकण्याचे पैसे लागत नाहीत. राहणं, खाणं, विमा आणि प्रवास मात्र आपला.

जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि दुसरं सत्र ऑक्टोबरला. आपलं पाचवं सत्र जुलै ते नोव्हेंबर, सहावं डिसेंबरपासून. म्हणजे ऑक्टोबरला गेलात की पाचव्याचा शेवट बुडतो आणि सहाव्याची सुरुवातही. एप्रिलला गेलात तर चौथ्याची परीक्षा मध्ये येते. कसंही बसवा, दोन्ही वेळापत्रकं जुळत नाहीत. म्हणून आधी परीक्षा विभागाशी बोला, शिष्यवृत्तीचा विचार नंतर. आमचं कॉलेज स्वायत्त असल्यामुळे पाचव्या सत्राची परीक्षा सप्टेंबरच्या अखेरीस वेगळी घ्यायला ते तयार झाले, आणि सहाव्याचे काही विषय तिकडच्या श्रेयांकांनी, म्हणजे क्रेडिट्सनी, भरून काढायचे ठरले. हे तोंडी ठरलं तेव्हा मला हायसं वाटलं, पण आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे जपानीच्या शिक्षकांनी, बजावलं, "विभागप्रमुख, परीक्षा नियंत्रक आणि प्राचार्य, तिघांच्याही सह्या एकाच कागदावर घे. तू परत येशील तेव्हा या खुर्च्यांवर दुसरी माणसं असू शकतील." त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. मधल्या काळात विभागप्रमुख खरोखरच बदलले.

श्रेयांकांची बोलणी सर्वांत लांबली. आपल्याकडे थिअरीच्या एका श्रेयांकाला १५ तास धरतात. तिकडे ९० मिनिटांचा वर्ग, आठवड्यातून एकदा, १५ आठवडे, आणि त्याचे दोन श्रेयांक. विभागप्रमुखांनी लगेच हिशेब केला: "हे तर साडेबावीस तास झाले. आपल्या दोन श्रेयांकांना तीस लागतात." त्यांची शंका रास्त होती. तिकडे ९० मिनिटांचा एक वर्ग दोन तासांचा धरतात, आणि वर्गाबाहेरचा अभ्यास मिळून एका श्रेयांकाला ४५ तासांचं काम अपेक्षित असतं. हा नियम, प्रत्येक विषयाचा आठवड्यानिहाय अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाची पद्धत असं सगळं जोडून मी तक्ता केला. डावीकडे आमचा विषय, उजवीकडे त्यांचा, शेवटच्या रकान्यात तास. तो पाहिल्यावर चर्चा पुढे सरकली.

यात एक अडचण आधी लक्षात येत नाही. तिथे पोचल्यावर भाषेची पातळी ठरवणारी चाचणी होते, आणि आपण कोणत्या वर्गात बसणार ते त्यानंतर कळतं. नोकेन म्हणजे जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतल्या एन-३ पातळीचं प्रमाणपत्र हातात असलं तरी चाचणी चुकत नाही. त्यामुळे मान्यतापत्रात एकाच वर्गाचं नाव लिहून घेऊ नका. आम्ही "जपानी भाषा, चाचणीत ठरेल त्या पातळीचा वर्ग" असं लिहून घेतलं आणि विषय बदलल्यास ई-मेलने कळवून मान्यता घेता येईल अशी ओळ घातली. पुढे ती ओळ कामाला आली, कारण मी धरलेला इतिहासाचा तास चाचणीनंतर मिळालेल्या भाषेच्या वर्गाच्याच वेळेला निघाला.

आता पैशांचं. जपानमध्ये तीन महिन्यांपेक्षा जास्त शिकायला जायचं तर आधी पात्रता प्रमाणपत्र लागतं, सगळे त्याला सीओई म्हणतात. त्यासाठीचा अर्ज तिकडचं विद्यापीठच आपल्या वतीने तिथल्या इमिग्रेशनकडे करतं. त्यात खर्च कोण करणार, त्याचा व्यवसाय काय, उत्पन्न किती आणि बँकेत शिल्लक किती हे दाखवावं लागतं. नोकरदार आईवडिलांच्या मुलांनी फॉर्म सोळा आणि बँकेचं पत्र जोडलं की झालं. माझे बाबा द्राक्षबागायतदार. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे विवरणपत्र नाही. पैसा येतो तो जानेवारी ते एप्रिल, माल उतरला की. दिवाळीच्या सुमारास पासबुक पाहिलं तर आम्ही कोणाला परदेशी पाठवू शकतो यावर कोणाचाच विश्वास बसणार नाही, कारण ऑक्टोबर छाटणीचा, औषधांचा आणि मजुरीचा खर्च तेव्हाच असतो.

मग आम्ही तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला काढला, सातबारा काढला, व्यापाऱ्याच्या पट्ट्या, म्हणजे मालविक्रीच्या पावत्या, वर्षवार लावल्या आणि सगळ्याचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून घेतलं. सोबत एका पानाचं पत्र जोडलं. आमच्याकडे वर्षातून एकच पीक घेतात, पैसे कोणत्या महिन्यात येतात, पीककर्ज केव्हा फिटतं, असं सगळं त्यात होतं. ते पत्र बाबांनी सांगितलं आणि मी लिहिलं. शिलकीचं बँकेचं पत्र मुद्दाम मार्चअखेर, बेदाण्याचे आणि द्राक्षांचे पैसे जमा झाल्यावर घेतलं. विद्यापीठाच्या कार्यालयातून एकच प्रश्न आला, सातबाऱ्यावर आजोबांचंही नाव का आहे, आणि त्याचं उत्तर दिल्यावर पुढे काही विचारलं नाही. शेतकऱ्यांच्या मुलामुलींनो, कागद वेगळे आहेत म्हणून मागे राहू नका. शेतीचं उत्पन्न नीट मांडलं तर तिकडे समजून घेतात.

शिष्यवृत्ती मला जास्सोची, म्हणजे जपानच्या विद्यार्थी सेवा संस्थेची, मिळाली, महिना ८०,००० येन. तिला गुणांची अट असते, ३ पैकी किमान २.३०, आणि ती त्यांच्या पद्धतीने काढायची असते. विद्यापीठाने नाव सुचवावं लागतं, थेट अर्ज चालत नाही. वर्षभरासाठी जायचं असेल तर जपानी भाषा-संस्कृती शिकणाऱ्यांसाठी जपान सरकारची निक्केन्सेई शिष्यवृत्ती वेगळी आहे, तिचा अर्ज वकिलातीमार्फत जातो.

सीओई हातात आल्यावर व्हिसाला फार दिवस लागले नाहीत. सीओई साधारण तीन महिनेच चालते, तेवढ्यात जपानमध्ये पोचावं लागतं.

सामान भरताना औषधांकडे लक्ष द्या. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, आणि त्याचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असेल तर ती गोळी जपानमध्ये नेता येत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एका महिन्यापुरती चालतात, त्याहून जास्त न्यायची तर आधी परवानगीचं पत्र मागवावं लागतं. आईने माझ्यासाठी काढलेल्या पिशवीतल्या एकेका पाकिटामागचं बारीक अक्षरातलं नाव मी वाचलं आणि निम्मी पाकिटं घरीच ठेवली.

कान्साई विमानतळावर उतरताच रहिवासी कार्ड मिळतं. आठवड्याला २८ तासांपर्यंत अर्धवेळ काम करण्याच्या परवानगीचा अर्ज तिथेच देता येतो, तो भरून द्याच. राहायला गेल्यावर १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा आणि तिथेच राष्ट्रीय आरोग्य विमा घ्यायचा. मग दवाखान्याच्या बिलातला ३० टक्के भागच आपल्याला द्यावा लागतो. वीस वर्षं पूर्ण झालेल्यांना पेन्शन योजनेतही नाव घालावं लागतं. हप्ता भरणं शक्य नसेल तर सवलतीचा अर्ज त्याच दिवशी मागून घ्या. खिडकीवरच्या बाईंनी मला तो आपणहून दिला, पण दुसऱ्या वॉर्डात गेलेल्या माझ्या मैत्रिणीला विचारून घ्यावा लागला.

शाकाहारी लोकांसाठी एक सांगायलाच हवं. भाजी दिसते त्या रश्शातही बहुतेक वेळा दाशी, म्हणजे माशाचा अर्क, असतो. "मांस नको" एवढं सांगून भागत नाही, दाशीचं नाव घेऊन विचारा. वसतिगृहात सामायिक स्वयंपाकघर होतं, त्यामुळे माझं छान भागलं.

ओकायामा फळांसाठी नावाजलेलं आहे, विशेषतः पांढऱ्या पीचसाठी आणि काचघरातल्या मस्कत द्राक्षांसाठी. दुकानात घडागणिक वेगळं पॅकिंग आणि त्यावर किंमत पाहून मी बाबांना फोटो पाठवला. त्यांचा पहिला प्रश्न किमतीचा नव्हता. "छाटणी कधी करतात?" असं त्यांनी विचारलं. मी शेतकी शाखेतल्या एका विद्यार्थिनीला गाठलं. हिवाळ्यात वेल सुप्त असताना एकदाच छाटणी होते, आपल्यासारखी एप्रिलची आणि ऑक्टोबरची अशी दोनदा नाही, हे तिने वहीत चित्र काढून समजावलं. ते पान मी बाबांना पाठवलं. माझ्या सत्रातला तो सर्वांत चांगला जपानीचा तास होता असं मला मनापासून वाटतं.

परतताना वॉर्ड ऑफिसात स्थलांतराची नोंद करा, म्हणजे विम्याचा हिशेब बंद होतो. तिकडची गुणपत्रिका मार्चमध्ये निघाली आणि विद्यापीठाने ती थेट आमच्या परीक्षा विभागाला पाठवली. नव्या विभागप्रमुखांना या कराराची काहीच माहिती नव्हती. तीन सह्यांचा कागद त्यांनी वाचला, तक्त्यातले तास ताडून पाहिले आणि ठरलेले सगळे श्रेयांक नोंदवायला सांगितले. सहाव्या सत्राचे उरलेले पेपर मी वर्गाबरोबर दिले.